खिडकीच्या रंगाखालचा इतिहास

इतिहासकारांची दृष्टि वाड्याच्या दरवाजाकडे जाते. खिडकीच्या चौकटीकडे ती क्वचितच वळते. दरवाजांतून राजे, सेनापति व वऱ्हाडें जातात. खिडकींतून नुसता उजेड आणि वारा येतो, आणि त्यांची बखर कोण लिहिणार? परंतु जुन्या घराच्या खिडकीची लांकडी चौकट एखाद्या जाणत्या रंगाऱ्यानें सावकाश खरवडून पाहिली, तर तिच्यावर रंगाचे कितीतरी थर एकावर एक चढलेले आढळतात. प्रत्येक थर म्हणजे त्या घरांत राहून गेलेल्यांनीं लिहिलेलें एकेक पानच होय. त्या त्या काळचा व्यापार, कायदा, रसायनविद्या, गृहस्थाची हौस व मजुराची मजुरी, हीं सर्व त्या पानांत नमूद असतात. आणि अगदीं खालच्या पानांवर बहुधा एक विषही नमूद असतें. हा लहानसा इतिहास वाचकांपुढें मांडावा असें आम्हीं योजिलें आहे. कारण त्याचें शेवटचें प्रकरण अद्याप संपलेलें नाहीं, व तें पुष्कळांच्या राहत्या घरींच संपावयाचें आहे.

घराच्या बाहेरच्या अंगास जेवढें म्हणून लांकूडकाम असतें त्यांत खिडकीइतके हाल दुसऱ्या कशाचेही होत नाहींत. लांकूड ओलाव्यानें फुगतें व उन्हानें आकसतें. आणि खिडकीच्या चौकटींत उभें लांकूड आडव्यास जेथें मिळतें तेथें हे फुगणें-आकसणें एका दिशेचें नसल्यामुळें सांधा हळूहळू उघडतो. त्यांतून पावसाचें पाणी शिरतें, चौकटीच्या खालच्या आडव्या लांकडावर सांचतें, आणि लांकडाच्या कापलेल्या तोंडांतून वातींत तेल चढावें तसें आंत चढतें. रंग हा या पाण्यास घातलेला बांध होय. शोभा हें त्याचें दुसरें काम. पहिलें काम रक्षण करण्याचें.

हें काम इंग्लंडांत फार महत्त्वाचें होऊन बसलें, त्याचें कारण लांकडांतच आहे. जुन्या काळीं तेथील खिडक्या ओक वृक्षाच्या असत. तें लांकूड जात्या टणक असल्यामुळें उघडें राहिलें तरी पिढ्यान्‌पिढ्या टिके. पुढें सतराव्या व अठराव्या शतकांत बाल्टिक समुद्राकडील पाईन व फर यांचें मऊ, स्वस्त लांकूड जहाजें भरभरून येऊं लागलें, आणि त्याच सुमारास वर-खालीं सरकणाऱ्या काचेच्या खिडकीची तेथें चाल पडली. या नव्या खिडकीच्या बारीक पट्ट्या मऊ लांकडाच्या सुबक होत; पण रंगावांचून त्यांचा निभाव लागणें शक्य नव्हतें. लंडनच्या १६६६ सालच्या मोठ्या आगीची धास्ती कायदे करणारांच्या मनांत दीर्घकाळ होती. १७०९ सालच्या कायद्यानें त्या शहरांत लांकडी चौकट भिंतीच्या दर्शनी पृष्ठभागापासून चार इंच आंत बसवावी असें ठरलें, आणि १७७४ च्या कायद्यानें चौकटीची पेटी विटांच्या मागें दडविण्यास लावलें. हेतु आगीपासून बचावाचा होता. परंतु चौकट आंत सरकल्यामुळें पावसापासूनही तिला थोडा आडोसा मिळाला. १६९६ पासून १८५१ पर्यंत तर तेथें खिडक्यांच्या संख्येवर करच होता. ज्या वस्तूसाठीं सरकारास दरसाल पैसा मोजावयाचा ती जपण्याकडे गृहस्थाचें लक्ष असावें यांत नवल नाहीं. पुष्कळ घरें दीर्घ मुदतीच्या पट्ट्यानें घेतलेलीं असत, आणि ठराविक वर्षांनीं, बहुधा दर तीन वर्षांनीं, बाहेरचें लांकूडकाम तेलरंगानें रंगवावें अशी अटच त्या पट्ट्यांत घातलेली असे.

आतां हें रंगविण्याचें काम करीत कसें, तें पाहूं. नवशिक्यास वाटतें कीं रंगविणें म्हणजे कुंचला फिरविणें. वस्तुतः चांगल्या रंगाऱ्याचा बहुतेक वेळ कुंचला हातीं घेण्यापूर्वींच खर्च होतो. प्रथम सुटलेला जुना रंग खरवडावयाचा. जेथें तो फारच जाड झाला असेल तेथें आंच देऊन, मऊ करून, काढावयाचा. कुजलेला भाग कापून तेथें नवें लांकूड बसवावयाचें. लांकडाच्या गांठींतून राळ पाझरून वरचा रंग डागाळतो, म्हणून प्रत्येक गांठीवर स्पिरिटांत विरघळविलेल्या लाखेचा हात द्यावयाचा. मग अस्तर. सफेता व थोडा शेंदूर जवसाच्या पातळ तेलांत कालवून तें लांकडांत जिरवीत. खिळ्यांचीं भोकें व भेगा भरण्याची लांबी अस्तरानंतरच भरावयाची, आधीं नव्हे. कारण कोरडें लांकूड लांबींतील तेल शोषून घेतें, आणि मग ती भुसभुशीत होऊन गळून पडते. लांबी वाळली कीं सर्व पृष्ठभाग घासून एकसारखा करावयाचा, आणि त्यानंतर रंगाचे दोन किंवा तीन पातळ हात, मागचा पुरता वाळल्यावांचून पुढचा न देतां. शेवटचा हात देतांना रंग काचेवर सुमारें सूतभर चढवावयाचा, म्हणजे काच व लांबी यांच्या फटींतून पाणी जात नाहीं. यांतील एकही पायरी पाहुण्याच्या दृष्टीस पडत नाहीं. परंतु एक जरी गाळली तरी दोन पावसाळ्यांत ती स्वतःच बोलूं लागते.

या विलायती कामांत आपल्या देशाचा हात किती होता हेंही येथें सांगितलें पाहिजे. गांठींवर लावावयाची लाख छोटा नागपुराकडच्या रानांतून जाई. जवस वऱ्हाड-नागपुराकडे व उत्तरेंतही पिके. एकोणिसाव्या शतकांत तें मुंबई व कलकत्ता या बंदरांतून जहाजांवर चढे, आणि लंडनच्या बाजारांत त्या दोन बंदरांच्या नांवांनींच त्याचे प्रकार ओळखले जात. विलायतेंतील कित्येक खिडक्यांवर वऱ्हाडच्या काळ्या मातींतील तेल वाळलें असेल यांत शंका नाहीं. ‘वाळलें’ हा शब्द मात्र येथें जरा फसवा आहे. जवसाचें तेल पाण्यासारखें उडून जात नाहीं. तें हवेंतील प्राणवायु शोषून घेतें व त्याचें चिवट कातडें बनतें.

परंतु नुसतें तेल पुरेसें नाहीं. त्या कातड्यास अंग व रंग देणारा पदार्थ म्हणजे सफेता. सफेता हा शिशाचा क्षार होय, जसा मारुतीस वाहावयाचा पारंपरिक शेंदूर हाही शिशाचाच. तो करण्याची रीत फार जुनी आहे. ग्रीक पंडित थिओफ्रास्टस व रोमन स्थापत्यकार व्हिट्रूव्हिअस या दोघांनींही शिसें सिरक्याच्या वाफेंत ठेवून सफेता करण्याचें वर्णन केलें आहे. पुढें हॉलंडांत ती रीत सुधारली. मातीच्या भांड्यांत तळाशीं सिरका, वर शिशाच्या पट्ट्यांचीं वेटोळीं, आणि अशीं शेंकडों भांडीं घोड्याच्या लिदींत पुरून महिनोन्‌महिने ठेवावयाचीं. लिदीच्या उष्णतेनें व तींतून निघणाऱ्या वायूनें शिसें पांढरें होऊन त्याच्या खपल्या निघत. या सफेत्याचा तेलाशीं संयोग झाला म्हणजे शिशाचा एक प्रकारचा साबण तयार होतो, आणि त्यामुळें रंगाचें कातडें लवचिक व पाण्यास अभेद्य होतें. लांकूड फुगलें तर तें ताणतें, आकसलें तर तेंही आकसतें. वर्षांनंतर उन्हानें तें झिजतें तें ढलप्या उडून नव्हे, तर खडूसारखी बारीक भुकटी सुटून. त्यामुळें पुन्हां रंगवितांना फारसें खरवडावें लागत नाहीं. रंगारी सफेत्यावर लुब्ध होते ते उगीच नव्हे. बाहेरच्या लांकडास त्याच्या तोडीचा दुसरा पदार्थ शतकानुशतकें मिळालाच नाहीं.

दोष एवढाच कीं तो विष होता, आणि हें कोणास ठाऊक नव्हतें असेंही नाहीं. शिशाचें काम करणारांचा वर्ण फिकट पडतो हें व्हिट्रूव्हिअसनेंच लिहून ठेविलें आहे. इटालियन वैद्य रामात्सिनी यानें १७०० सालीं कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, त्यांत रंग वापरणारांच्या व्यथांस जागा दिली. पॅरिसच्या तान्केरेल दे प्लांश या डॉक्टरानें १८३९ सालीं शिशाच्या विकारांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यास बाराशेंहून अधिक रोग्यांचा आधार होता, व त्यांत रंगाऱ्यांचा भरणा मोठा होता. रोगाचीं लक्षणें ठरलेलीं असत: पोटांत असह्य शूळ, चेहरा पांढुरका, पुढें मनगट लुळें पडून हात खालीं लोंबणें, आणि कित्येकांस झटके येऊन मृत्यु. लंडनच्या बर्टन नामक वैद्यानें १८४० सालीं या रोग्यांच्या हिरड्यांवर निळसर रेघ उमटते हें दाखवून दिलें. सफेत्याच्या कारखान्यांतून अत्यंत धोक्याचीं कामें बायकांकडे असत. इंग्लंडांत तीं त्यांस १८९८ सालीं मना करण्यांत आलीं.

रंगाऱ्याच्या पोटांत हें विष जाई कसें, हा प्रश्न येथें महत्त्वाचा आहे. ओल्या रंगापासून भय कमी. भय होतें तें कोरड्या धुळीपासून. सफेत्याची भुकटी तेलांत कालवितांना, आणि त्याहूनही जुना रंग खरवडतांना व काचकागदानें कोरडा घासतांना ती धूळ नाकातोंडांत जाई, मिशीवर बसे, हातांवरून भाकरीवर येई. जुना रंग जाळून काढतांना त्याचा धूर बाधे. म्हणजे ज्या पूर्वतयारीची आम्हीं वर प्रशंसा केली, जिच्यावर सर्व कामाचा टिकाऊपणा अवलंबून, तीच कारागिराच्या जिवावर उठणारी होती. जितका रंगारी प्रामाणिक, तितकी त्याच्या श्वासांत धूळ अधिक, असा हा विपरीत न्याय होता.

यावर उपाय शोधणारा एक पुरुष रंगाऱ्यांतूनच निघाला. पॅरिसचा एद्म-झां लेक्लेर हा घरें रंगविण्याचा धंदा करी. आपल्या माणसांचे हाल पाहून त्यानें १८४० नंतरच्या दशकांत शिशाऐवजीं जस्ताचा पांढरा रंग मोठ्या प्रमाणावर करविला. त्याच गृहस्थानें १८४२ सालीं आपल्या नफ्याचा वांटा कामगारांस देण्याची प्रथा पाडली, हें अर्थशास्त्राच्या अभ्यासकांस ठाऊक असेलच. जस्ताचा रंग निर्विष होता, घराच्या आंत उत्तम होता. परंतु बाहेर, उन्हापावसांत, त्याचें कातडें कडक होऊन तडके. म्हणून आंतल्या भिंतींवर तो चालला आणि खिडकीच्या बाहेरच्या अंगावर सफेत्याचें राज्य अबाधित राहिलें. फ्रान्सनें मात्र धीर केला. इमारतींच्या कामांत सफेता वापरण्यास तेथें १९०९ च्या कायद्यानें बंदी झाली, व ती १९१५ च्या आरंभापासून अमलांत यावयाची होती.

इतर राष्ट्रें एवढी पुढें जाण्यास तयार नव्हतीं. जिनीव्हा येथें १९२१ सालीं आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेपुढें हा प्रश्न आला, तेव्हां वाद होऊन शेवटीं तडजोड निघाली ती अशी: इमारतींच्या आंतल्या कामांत सफेता वर्ज्य करावा. बाहेरच्या कामास ती बंदी लागू झाली नाहीं. तेथें नियमन करावें, धंदेवाईक रंगकामांत स्त्रिया व अठरा वर्षांखालील मुलगे यांस सफेत्यास हात लावूं देऊं नये, आणि कोरडें घासण्या-खरवडण्यापासून होणाऱ्या धुळीचा शक्य तेथें प्रतिबंध करावा, एवढेंच ठरलें. एकच खिडकी, तिची घराकडची बाजू कायद्यानें सुरक्षित केली, आणि रस्त्याकडची तशीच राहिली.

बाहेरचा रंग बाहेरच राहतो, ही समजूत या तडजोडीच्या मुळाशीं असावी. ती खरी नाहीं याचा पुरावा सतरा वर्षें आधींच ऑस्ट्रेलियांतून आला होता. क्वीन्सलंड प्रांतांतील ब्रिस्बेन शहरीं लांकडी घरें, त्यांस रंगविलेल्या ओट्या व कठडे, आणि ऊन आपल्या कोंकणासारखें प्रखर. तेथील मुलांत शिशाच्या विषाचे रोगी आढळत आहेत हें टर्नर या डॉक्टरानें १८९२ पासूनच निदर्शनास आणिलें होतें. पण विष येतें कोठून? नेत्रवैद्य लॉकहार्ट गिब्सन यानें १९०४ सालीं त्याचें मूळ दाखविलें. उन्हानें रंगाची भुकटी होते, खेळणाऱ्या मुलांच्या हातांस ती लागते, आणि नखें चावतांना किंवा आंगठा चोखतांना तोंडांत जाते. ज्या खडूसारखेपणामुळें रंगाऱ्याचे श्रम वांचत, तोच मुलांस बाधला. मजुराच्या दुखण्याकडे काणाडोळा करणाऱ्या समाजास आपल्या लेंकरांच्या दुखण्यानें तरी जाग यावी. परंतु तीही सावकाशच आली. मुलांच्या हातांस लागतील अशा बाहेरच्या कठड्यांवर शिशाचा रंग देण्यास क्वीन्सलंडांत कायद्यानें निर्बंध आला तो १९२२ सालीं.

इंग्लंडांत या काळीं रंगाऱ्याची स्थिति काय होती, हें ज्यास समजून घ्यावयाचें असेल त्यानें रॉबर्ट ट्रेसेल याची कादंबरी वाचावी. हा लेखक स्वतः हेस्टिंग्ज शहरीं रंगकाम करी. तो १९११ सालीं वारला, व त्याचें पुस्तक १९१४ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांतील कंत्राटदार सर्वांत कमी बोली करून काम घेतात आणि तोटा भरून काढतात तो पूर्वतयारींतून. जें दिसत नाहीं तें गाळावयाचें, जें दिसतें तें चकाकवावयाचें. मन लावून काम करणारास मुकादमाची शिवी, व उरकून टाकणारास शाबासकी. घरमालकास स्वस्त काम मिळाल्याचा आनंद होतो आणि दोन वर्षांत खिडकी सोलूं लागते. या व्यवहारांत लबाडी केवळ कंत्राटदाराची नसते. जो गृहस्थ दिसणाऱ्या हातांचे पैसे देतो आणि न दिसणाऱ्या घासण्याचे देण्यास कुरकुरतो, तोही तींत भागीदार असतो.

सुदैवानें घासण्याच्या कामांतलें भय घालविण्याचा मार्ग फार साधा निघाला, तो म्हणजे पाणी. ओलें घासलें कीं धूळ उडत नाहीं. पूर्वीचा काचकागद पाण्यानें विरघळे. परंतु १९२१ सालीं, म्हणजे जिनीव्हाचा ठराव झाला त्याच वर्षीं, फ्रान्सिस ओकी या अमेरिकन गृहस्थाच्या कल्पनेवरून केलेला, पाण्यांत टिकणारा कागद बाजारांत आला. इंग्लंडनें जिनीव्हाचा ठराव पत्करला नाहीं, पण १९२६ सालीं स्वतंत्र कायदा केला, आणि शिशाचा रंग कोरडा घासणें त्याच्या नियमांनीं निषिद्ध ठरलें. सफेत्यास खरा प्रतिस्पर्धीही याच काळांत उभा राहिला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास नॉर्वे व अमेरिका येथें टिटॅनिअम धातूपासून शुभ्र व निर्विष रंग कारखान्यांतून निघूं लागला. तो ज्या इल्मेनाईट नांवाच्या काळ्या वाळूपासून करतात, ती त्रावणकोरच्या किनाऱ्यावर आणि आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही सांपडते. तरीही अमेरिकेंत घरगुती रंगांतून शिसें कायद्यानें हद्दपार होण्यास १९७८ साल उजाडलें. आपल्या देशांत तशा अर्थाचे नियम २०१६ सालीं झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्यांप्रमाणें घरगुती रंगांत शिशाचें प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक असतां कामा नये.

हे नियम नव्या डब्यांस लागू आहेत. भिंतीवर व चौकटीवर आधींच बसलेल्या थरांस ते लागू पडत नाहींत. येथें हा इतिहास आपल्या घरीं येतो. आपल्याकडील जुनें घरकाम सागवानी. सागाच्या अंगांत स्वतःचें तेल असतें. त्यास रंगाची गरज फारशी नाहीं, उलट त्या तेलामुळें रंग नीट धरतही नाहीं. वर्षां-दोन वर्षांनीं तेलाचा हात दिला कीं तें लांकूड पिढ्यान्‌पिढ्या राहतें. परंतु इंग्रजी अमदानींत कचेऱ्या, बंगले व रेल्वेच्या इमारती यांच्या अनुकरणानें तेलरंगाची चाल पडली आणि सागावरही थरांवर थर चढले. कोणी म्हणेल, आमच्या खिडक्या पांढऱ्या नाहींत, हिरव्या आहेत. परंतु जुन्या हिरव्या रंगांत बहुधा क्रोम पिंवळा मिसळलेला असे, आणि तोही शिशाचाच क्षार. तेव्हां २०१७ च्या पूर्वीं रंगविलेल्या कोणत्याही खिडकीच्या अंगावर शिसें असण्याचा संभव धरूनच चाललें पाहिजे.

जुना रंग घट्ट बसलेला असेल तोंवर तो फारसें कोणाचें वांकडें करीत नाहीं. भय आहे तें, दिवाळीपूर्वीं किंवा लग्नकार्याच्या आधीं घाईघाईनें तो कोरडा घासला जातो त्या वेळीं. आणि अलीकडे तर विजेच्या घासणयंत्रानें पूर्वीं आठवड्यांत न उडणारी धूळ एका प्रहरांत उडते. ती घासणारा मजूर तोंडास रुमाल बांधून समाधान मानतो, आणि धूळ खिडकींतून आंत येऊन अंथरुणावर व रांगत्या मुलाच्या हातांवर बसते. शिशाचें अमुक एक प्रमाण मुलांस निश्चितपणें निर्धोक आहे असें आजचें वैद्यक मानीत नाहीं. म्हणून काम काढणाऱ्या गृहस्थानें चार गोष्टी आग्रहानें करवाव्या. रंग ओला करूनच घासावा. जाळून काढूं नये. खालीं प्लास्टिक पसरून निघालेल्या खपल्या बांधून टाकाव्या व जमीन झाडण्याऐवजीं ओल्या फडक्यानें पुसावी. आणि काम पुरें होईपर्यंत मुलें व गर्भवती स्त्रिया यांस दूर ठेवावें. मजुरास हात धुण्यास साबण-पाणी व जेवण्यास वेगळी जागा देणें हें तर माणुसकीचेंच काम आहे.

यास वेळ अधिक लागतो, आणि वेळेस पैसे पडतात. चांगली मजुरी देऊन करविलेली पूर्वतयारी म्हणजे चैन, असें आपल्यांतील पुष्कळ सुशिक्षितांसही वाटतें. कारण तिचें फळ डोळ्यांस दिसत नाहीं. परंतु आतांपर्यंत पाहिलेल्या साऱ्या हकीकतीवरून एवढें तरी उघड होतें कीं, खिडकी टिकली ती न दिसणाऱ्या श्रमांवर, आणि दोन हजार वर्षें त्या श्रमांची खरी किंमत मालकानें न देतां रंगाऱ्यानें आपल्या हाडांतून दिली. पुढच्या वेळीं घरीं रंगारी येईल तेव्हां त्यास ‘किती हात देणार?’ असें विचारण्याआधीं ‘घासणार कसें, आणि त्याचे किती घेणार?’ असें विचारावें, आणि सांगेल ती रास्त मजुरी घासाघीस न करतां द्यावी, एवढीच आमची वाचकांस विनंति आहे.